तीन दिवसांची शिदोरी

आजचा भाग चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीतून. इंग्रजांच्या जिभेला हे नाव पेललं नाही, म्हणून त्यांनी त्याचं ट्रिप्लिकेन करून टाकलं. मूळ नाव मात्र सुरेख आहे. तिरु म्हणजे पवित्र, अल्लि म्हणजे कुमुद आणि केणि म्हणजे तळं. म्हणजे कुमुदांचं पवित्र तळं.

सकाळी इथल्या रत्ना कॅफेत इडली खाल्ली. १९४८ पासूनचं हॉटेल आहे. इथली पद्धत अशी की, वाढपी सांबाराचा जग घेऊन येतो आणि ताटलीतली इडली बुडेपर्यंत ओतत राहतो. तुम्ही हात आडवा केलात तरच थांबतो. (सांबार हा शब्द संभाजी महाराजांच्या नावावरून आला, तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात तो पहिल्यांदा झाला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मीही ऐकली आहे, मलाही ती आवडते. पण तिला समकालीन कागदाचा आधार मला मिळालेला नाही, म्हणून ती इथे कंसातच ठेवतो.)

तर सांबार ओतलं जात होतं, आणि माझ्या डोक्यात आलं की ‘ओतणं’ ही क्रिया पृथ्वीवरचीच. अवकाशात जग कितीही वाकडा केला तरी सांबार खाली पडणार नाही, कारण तिथे खाली असं काही नाही. ते जगातच बसून राहील. जग हिसडलात तर त्याचे गोळे होऊन तरंगत तरंगत कुणाच्या तरी चष्म्यावर किंवा यंत्राच्या पंख्यात जाऊन बसतील.

हा विचार सुचायला कारण आहे. काही महिन्यांपूर्वी एका शाळेत गगनयानावर बोलायला गेलो होतो. भारताची स्वतःची मानवी अवकाशमोहीम, योजना अशी की तीन जण, सुमारे ४०० किलोमीटर उंची आणि तीन दिवस. त्यांच्या जेवणाची तयारी मैसूरच्या प्रयोगशाळेत कशी चालली आहे ते मी अगदी रंगवून सांगितलं. शेवटी आठवीतली एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, तीन दिवसांचंच आहे ना? मग जेवणाचा एवढा खटाटोप कशाला? माझी आजी श्रावणात तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहते.”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी येताना मात्र ते टोचत राहिलं, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. तीन दिवसांना खरंच काय लागतं? आजचा भाग म्हणजे त्या मुलीला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर. आणि ते द्यायला मी तिरुवल्लिकेणीत का आलोय, तेही ओघात येईल.

सुरुवात शिदोरीपासून करू. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातात काय द्यायचं, हे आपल्या घरातल्या बायकांनी शेकडो वर्षं ठरवलंय. रोजची पोळी दुसऱ्या दिवशी वातड होते, म्हणून दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी. भाताला आंब येते, म्हणून वारीच्या वाटेवर धपाटे आणि कोरडी चटणी. इथे तमिळ घरांत या प्रकाराला कट्टुसादम म्हणतात, म्हणजे बांधून नेलेला भात. त्यातला राजा पुळियोदरै, चिंचेचा भात. चिंचेचा कोळ तिळाच्या तेलात आटवून आटवून त्याचा घट्ट गोळा करायचा आणि भाताला चोळायचा. हा भात केळीच्या पानात बांधून आगगाडीतून नेला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो.

का टिकतो? पाणी आटलेलं असतं, तेलाचं आवरण असतं आणि चिंचेचा आंबटपणा असतो. अन्न टिकवण्याच्या शास्त्रात एक आकडा फार महत्त्वाचा आहे, पीएच ४.६. अन्न यापेक्षा आंबट असेल तर बॉट्युलिनम नावाचा जीवघेणा जंतू त्यात वाढू शकत नाही. अन्न त्याहून कमी आंबट असेल, म्हणजे पुलाव, डाळ, भाजी, तर ते हवाबंद पाकिटात भरून दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवावं लागतं, तेव्हा कुठे त्या जंतूची बीजं मरतात. बाजारात तयार पनीर मखनीची चंदेरी पाकिटं मिळतात ना, ती अशीच बनतात. आपल्या आज्यांना पीएच ठाऊक नव्हता, पण प्रवासात चिंच, कोकम, ताक आणि लोणचं उपयोगी पडतं, हे पक्कं ठाऊक होतं.

आता अवकाशाकडे जाऊ. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पृथ्वीभोवती एक फेरी मारून आला. सगळा प्रवास १०८ मिनिटांचा. एवढ्या वेळात कुणाला भूक लागते? तरी त्याला नळीतून खायला दिलं होतं, टूथपेस्टसारख्या नळीतून मांसाचा लगदा आणि चॉकलेट. कारण प्रश्न भुकेचा नव्हताच. वजनरहित अवस्थेत माणसाला गिळता येतं का, हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. घास घशात अडकला तर? गागारिनने गिळून दाखवलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या जॉन ग्लेनने नळीतून सफरचंदाचा गर खाल्ला.

या दोघांच्या मधे एक माणूस आहे, गेर्मान तितोव. ऑगस्ट १९६१ मध्ये तो २५ तास वर राहिला. त्याने तिथे जेवण केलं, आणि त्याला ओकारीही झाली. अवकाशात मळमळ होणारा तो पहिला माणूस. त्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तितोवच्या पोटात आहे. पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी एका सँडविचची गोष्ट. २३ मार्च १९६५, जेमिनी ३. गस ग्रिसम आणि जॉन यंग. मोहीम पाच तासांहूनही कमी. त्यांना चाचणीसाठी दिलेलं अन्न म्हणजे सुकवलेले तुकडे आणि पाण्यात कालवायच्या भुकट्या. मधेच यंगने खिशातून कागदात गुंडाळलेलं सँडविच काढलं आणि ग्रिसमला दिलं. दुकानातलं ताजं सँडविच. त्यांचा सहकारी वॉल्टर शिरा याने आणून दिलेलं. ग्रिसमने एक घास घेतला, पाव कुस्करायला लागला, आणि त्याने ते मुकाट्याने खिशात टाकलं. एवढंच घडलं. पण अमेरिकन संसदेच्या समितीत यावरून गदारोळ झाला. करोडो डॉलर खर्चून जेवण तयार करायचं आणि हे लोक सँडविच लपवून नेतात!

राग जेवणाच्या खर्चाचा होता, पण धोका खरोखरच चुऱ्याचा होता. पृथ्वीवर पावाचा चुरा मांडीवर पडतो, आपण झटकतो. वर तो हवेत राहतो. डोळ्यात जातो, श्वासात जातो, बटणांच्या फटीत जातो. म्हणून त्या काळातल्या घासांना जिलेटिनचा मुलामा दिलेला असे. एक तुकडा, एक घास, दात लावून तोडायचं नाही. अंतराळवीरांना ते तुकडे मुळीच आवडत नसत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

पावावर तोडगा वीस वर्षांनी निघाला, आणि तो प्रयोगशाळेतून नव्हे तर एका पाहुण्याच्या घरच्या चवीतून. नोव्हेंबर १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोदोल्फो नेरी वेला अमेरिकेच्या अटलांटिस यानातून गेले. त्यांनी मागणी केली की मला टॉर्टिया हव्यात. टॉर्टिया म्हणजे त्यांची पोळीच. अमेरिकनांनी पाहिलं की हिचा चुरा होत नाही, घडी घातली की वाटीचं काम करते, एका हातात धरता येते. तेव्हापासून त्यांच्या यानांत पाव मागे पडला आणि टॉर्टिया रुळल्या. पोळी खाणाऱ्या सगळ्या देशांनी यावर थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

आणि दुसरा तोडगा ख्रिसमसला, १९६८ च्या डिसेंबरमध्ये. अपोलो ८ चंद्राभोवती फिरत असताना त्या तिघांना रश्श्यासकटची टर्की मिळाली, आणि ती चमच्याने खाता आली. ओलं, घट्टसर अन्न चमच्याला स्वतःहून चिकटून राहतं. गुरुत्वाकर्षण नसलं तरी पृष्ठताण असतोच. मला तर वाटतं, सांबार अवकाशात नापास होईल, पण तिरुवल्लिकेणीचा पोंगल पहिल्या वर्गात पास होईल. तुपात मऊ शिजलेला डाळ-तांदूळ. चमचा उलटा करा, पडणार नाही.

पोंगलवरून मंदिरात जाऊ. इथलं पार्थसारथीचं मंदिर या भागाचं हृदय आहे. पार्थसारथी म्हणजे अर्जुनाचा सारथी कृष्ण, आणि हा कृष्ण मिशीवाला आहे. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर खड्ड्यांसारखे व्रण आहेत. भीष्माचे बाण सारथ्याला लागले, त्याच्या या खुणा, असं सांगतात. भाविकांकडून आणखी एक गोष्ट कळते. जखमी माणसाला तेलकट चालत नाही, म्हणून देवाच्या नैवेद्यात तेल नाही, सगळं तुपातलं. मला ही कल्पना विलक्षण वाटते. जेवणाराची प्रकृती बघून त्याचं पथ्य ठरवायचं, मग तो देव का असेना.

या मंदिरात पल्लव राजा दंतिवर्मन याच्या काळातला, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात लढाई नाही, वंशावळ नाही. मंदिराची जमीन गहाण पडली होती, त्यामुळे देवाच्या नैवेद्याच्या तांदळात तूट आली. मग एका माणसाने ती जमीन सोडवली आणि नैवेद्य पूर्ववत सुरू केला. झालं. शिधा आटला, शिधा पुन्हा सुरू झाला. मला इतिहासातल्या अशा नोंदी फार आवडतात. राजे येतात जातात, पण कोठीचा हिशेब कुणीतरी ठेवतच असतं.

पण मला सांगायचंय ते मंदिराच्या स्वयंपाकघराबद्दल. त्याला इथे मडप्पळ्ळी म्हणतात. तिथला नियम आपल्या घरात सणाच्या दिवशी असतो तोच, नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही. पुरणात साखर कमी पडली की काय, हे आईला बोट चाटून बघता येत नाही. आता विचार करा. शेकडो लोकांचा प्रसाद शिजतोय आणि एकानेही चाखलेला नाही. मग तो बिघडू नये यासाठी काय करावं लागतं? माप पक्कं हवं, क्रम पक्का हवा, भांडं तेच, पाणी तेवढंच, जाळ तेवढाच. शेवटी तपासता येणार नाही, म्हणून प्रत्येक पायरी सांभाळायची.

अगदी हाच पेच साठीच्या दशकात अमेरिकेत उभा राहिला. अंतराळवीराला विषबाधा झाली तर डॉक्टर नाही, दवाखाना नाही, आणि यानातलं शौचाचं साधन म्हणजे चिकटपट्टी लावलेली पिशवी. त्यामुळे अन्न शंभर टक्के सुरक्षित हवं. त्या काळची रीत अशी की माल तयार झाला की त्यातले नमुने काढून तपासायचे. पिल्सबरी ही पिठाची मोठी कंपनी हे काम करत होती, हॉवर्ड बाउमन हे त्यांचे शास्त्रज्ञ. त्यांनी हिशेब मांडला तर लक्षात आलं की खात्री पटेल इतके नमुने तपासायचे म्हटलं तर बहुतेक सगळा माल तपासण्यातच संपेल, अंतराळवीराच्या वाट्याला उरणार थोडासा. म्हणून त्यांनी उलटा विचार केला. कच्चा माल, तापमान, हात, यंत्र, पाकीट, जिथे जिथे धोका शिरू शकतो ती प्रत्येक जागा हेरायची आणि तिथेच पहारा बसवायचा. त्या पद्धतीला एचएसीसीपी म्हणतात. आज जगभरातले दुधाचे, मांसाचे, फळांच्या रसाचे कारखाने तिच्यावर चालतात. पिल्सबरीवाल्यांनी मडप्पळ्ळी पाहिली होती असं मी म्हणत नाही, तसा दावा कुणी करू नये. चाखायची सोय नसली की माणसाचं डोकं एकाच दिशेने चालतं, इतकंच.

आता आपल्याकडे येऊ. मैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली १९६१ मध्ये, योगायोगाने गागारिनच्याच वर्षी. अवकाश तिच्या खिजगणतीतही नव्हतं. तिचं काम सैनिकाच्या पोटाचं. हिमालयात साडेपाच हजार मीटरवर पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे साध्या भांड्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. पाणबुडीत ताजी भाजी मिळत नाही. आघाडीवर चूल पेटवता येत नाही. अशा जागी शिजवलेलं, टिकणारं, हलकं अन्न हवं. या लोकांनी महिनोन्‌महिने टिकणाऱ्या चपात्या केल्या, पाकिटातले पुलाव केले, आंब्याच्या रसाच्या वड्या केल्या. आंब्याची वडी म्हणजे आपली आंबापोळीच, फक्त गणवेश घातलेली.

म्हणून १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून जाणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या डब्याचं काम मैसूरकडे गेलं. सोबत नेलं काय, तर रव्याचा हलवा, आलू-छोले आणि व्हेज पुलाव. ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ बैकानूरहून सुटलं. कमांडर युरी मालिशेव, अभियंता गेन्नादी स्त्रेकालोव आणि आपले स्क्वाड्रन लीडर शर्मा. सॅल्यूत ७ स्थानकात आधीपासून तिघं राहत होते, किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर आत्कोव.

इंदिरा गांधींचा प्रश्न आणि शर्मांचं ‘सारे जहाँ से अच्छा’ सगळ्यांना पाठ आहे. माझं लक्ष त्या दुसऱ्या तिघांकडे जातं. ते फेब्रुवारीत वर गेले होते आणि ऑक्टोबरमध्ये खाली येणार होते, एकूण २३७ दिवस, त्या वेळचा विक्रम. जवळजवळ दोन महिने तेच डबे, त्याच नळ्या. आणि दारात पाहुणे आले हलवा घेऊन! शर्मांनी आपलं जेवण सगळ्यांना वाटलं. आठवडाभराच्या पाहुण्यासाठी तो हलवा घरची आठवण असेल. त्या तिघांसाठी ती साठ दिवसांनी जिभेवर आलेली पहिली अनोळखी चव होती. अवकाशात जेवणाचा कंटाळा ही खरीखुरी अडचण आहे. कंटाळलेला माणूस कमी खातो, कमी खाल्लं की वजन उतरतं. भरीला शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं, सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं आणि सगळंच फिकं लागतं. म्हणून तिकडे गेलेले लोक झणझणीत मागतात, हे खूप जणांनी सांगितलंय. मैसूरच्या मसाल्यांना तिथे चांगला वाव आहे.

छोल्यांबद्दल मात्र माझ्या मनात शंका होती. बंद डब्यात सहा माणसं, खिडकी उघडता येत नाही, आणि छोले! हसू नका. यावर गंभीर संशोधन झालंय. अवकाशातल्या आहारावर ठेवलेल्या माणसांच्या पोटात हायड्रोजन आणि मिथेन किती तयार होतो, याची मोजमापं १९६९ मध्ये शास्त्रीय साहित्यात छापून आली. १९७२ मध्ये चंद्रावर असलेल्या जॉन यंगने (हो, तोच सँडविचवाला) पोटॅशियम घातलेल्या संत्र्याच्या रसामुळे झालेल्या वातावर सोबत्याकडे मनसोक्त तक्रार केली. माइक चालू होता. जगाने ऐकलं.

आता तीन दिवस. तितोवला मळमळलं, ते त्याचं दुर्दैव नव्हतं. वर गेलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक माणसांना पहिले दोन-तीन दिवस तसं होतं. आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव गोंधळतो, डोळे एक सांगतात, कान दुसरं सांगतो. साधारण तिसऱ्या दिवसानंतर शरीर जुळवून घेतं, भूक परत येते. सहा महिने राहणाऱ्याला हे तीन दिवस म्हणजे उंबरठा. पण मोहीमच तीन दिवसांची असेल तर? मग सगळी मोहीम उंबरठ्यावरच. ज्या दिवसांत अन्नाचा वास नकोसा वाटतो, नेमके तेच दिवस तुमच्या वाट्याला. म्हणजे बेत असा हवा की मळमळणाऱ्या माणसालाही चार घास जातील. उग्र वास नको, थोडं थोडं खाता यावं, अर्धं पाकीट उरलं तर ते कुठे ठेवायचं याचीही व्यवस्था हवी. शौचाची गैरसोय टाळायला निघण्याआधीपासूनच चोथा कमी असलेलं जेवण द्यायचं. लांबच्या मोहिमेत जीवनसत्त्वांचा, हाडांचा विचार करावा लागतो. तीन दिवसांत तो फारसा नाही, हे त्या मुलीचं बरोबर होतं. पण इथे चूक सुधारायला चौथा दिवस नसतो.

वजनाचंही बघा. अपोलो यानात वीज बनवताना पाणी आपोआप तयार व्हायचं, म्हणून अन्न सुकवून नेणं फायद्याचं होतं. वर गेलं की पाणी फुकट. जिथे पाणीही खालूनच न्यायचं, तिथे पुलाव सुकवून काय वाचलं? वर पुन्हा पाणी घालणारच ना! मग ओला, तयार, फक्त गरम करायचा पुलावच बरा. सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही, यान बघून डबा ठरतो.

आणि शेवटचा दिवस. वजनरहित अवस्थेत शरीराला वाटतं की रक्त जास्त झालंय, म्हणून ते पाणी बाहेर टाकतं. खाली येऊन उभं राहिलं की रक्त पायांकडे जातं आणि माणसाला घेरी येते. अमेरिकेच्या शटल यानांत यावर उपाय होता, परतीच्या आधी सुमारे लिटरभर पाणी आणि मिठाच्या गोळ्या. अवकाशातलं शेवटचं जेवण म्हणजे मीठ-पाणी. आजीच्या उपासात आणि यात फरक हा आहे. आजी तिसऱ्या दिवशी चक्कर आली तर पलंगावर टेकते. यानातल्या माणसाला त्याच तिसऱ्या दिवशी पृथ्वीच्या वातावरणातून खाली यायचं असतं, शुद्धीवर राहून, हातपाय चालवत.

तिरुवल्लिकेणीत येण्याचं आणखी एक कारण आहे. या गल्ल्यांत श्रीनिवास रामानुजन राहिला. मद्रास पोर्ट ट्रस्टमधला, १९१२ मध्ये ३० रुपये पगारावर लागलेला कारकून. १६ जानेवारी १९१३ ला त्याने केंब्रिजच्या हार्डीला पत्र पाठवलं. १७ मार्च १९१४ ला नेवासा नावाच्या बोटीने तो मद्रासहून निघाला. कडक शाकाहारी अय्यंगार.

त्याच्या गणिताची सोय हार्डी आणि नेव्हिल यांनी उत्तम केली. शिष्यवृत्ती, खोली, पुस्तकं. जेवणाची सोय कुणी आखली नाही. ट्रिनिटी कॉलेजच्या भोजनगृहात तो जेवत नसे, खोलीतच शेगडीवर शिजवायचा, वेळी-अवेळी. पाच महिन्यांत महायुद्ध पेटलं. भाज्या महागल्या, टपाल रेंगाळलं. इकडून घरची माणसं पार्सलं धाडत. त्याने मित्राला चांगली चिंच पाठवायला सांगितलं, बिया काढून, आणि खोबरेल तेल. बिया काढून. टपालाच्या वजनाचा विचार त्या जगप्रसिद्ध गणितज्ञालाही करावा लागत होता, तोही थेट ग्रॅमच्या हिशेबाने चालणाऱ्या आजच्या अवकाश-स्वयंपाक्यासारखा.

१९१७ मध्ये तो आजारी पडला, इस्पितळं बदलत राहिला. तिथल्या जेवणावरून सतत कुरबुर. २७ मार्च १९१९ ला मुंबईच्या धक्क्यावर उतरला तेव्हा खंगलेला होता. २६ एप्रिल १९२० ला मद्रासमध्ये गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. नेमका आजार कोणता होता यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. क्षय, अमीबाने झालेला यकृताचा विकार, अशी मतं आहेत. उपासमारीने गेला असं मी म्हणणार नाही, ते चूक ठरेल. पण एवढ्या मोलाचा माणूस सातासमुद्रापार पाठवताना त्याने रोज काय खायचं, हा प्रश्न विचारणारा कुणी टेबलापाशी बसला नव्हता, हे कागदांतून दिसतं.

आता असा माणूस बसतो. २०१९ मध्ये इस्रोने संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांशी करार केले, त्यात अवकाशातलं अन्न हा विषय होता. मैसूरच्या यादीत इडली आहे, मूगडाळीचा हलवा आहे, व्हेज पुलाव आहे, एग रोल आहे, वर अन्न गरम करायचं उपकरणही आहे. गगनयानासाठी निवडलेल्या चौघांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली, त्यातले अजित कृष्णन जन्माने चेन्नईचे. चौघांपैकी शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये अ‍ॅक्सियम-४ मधून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर जाऊन आले. सोबत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस. त्यांनीही तो सोबत्यांबरोबर वाटून खाल्ला. एकेचाळीस वर्षांनी पुन्हा हलवाच, हे माझ्या लक्षात आलंय. हलवा चमच्याला चिकटतो, चुरा होत नाही, तुपामुळे टिकतो, आणि मळमळणाऱ्यालाही दोन घास जातो. भावनेचा भाग असेलच, पण निवड शास्त्राला धरून आहे.

इडलीचं काय झालं, अशी मला उत्सुकता आहे. ओली असते तोवर चुरा होत नाही, सुकली की होतो. आणि सांबार कशातून खाणार? नळीतून चोखायचं झालं तर रत्ना कॅफेचे वाढपी त्याला सांबार म्हणतील का, सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात त्याच शाळेत परत जायचंय. त्या मुलीला आधी मीठ-पाण्याचं सांगेन आणि मग बिया काढलेल्या चिंचेचं. येतो.